अन्व्याचे खांब आणि पोलादाचे कण

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदन तालुक्यात अन्वा नावाचे गाव आहे. अजिंठ्याची लेणी इथून फार लांब नाहीत. गावात यादवकाळातले एक दगडी मंदिर आहे. पुढे कोरीव खांबांचा मोकळा मंडप, मागे गाभारा आणि मंडपावर घुमटाकार छत. हा घुमट कमानीचा नाही. दगडाचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेला आहे आणि शेवटी मधले तोंड मिटवले आहे. वरचा दगड खालच्याला दाबून धरतो. सगळे वजन तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून जमिनीत उतरते.

१८७६ साली जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाचा भारतीय आणि पौर्वात्य वास्तुकलेचा इतिहास लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. या जाडजूड ग्रंथात अन्व्याच्या मुखमंडपाचे चित्र आहे. चित्राखालच्या ओळीत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, हे जैन मंदिर आहे. दोन, हे चित्र छायाचित्रावरून केलेले आहे.

यातली पहिली गोष्ट टिकली नाही. खांबांवर पेललेल्या, थर पुढे सरकवत रचलेल्या घुमटाला फर्ग्युसन ‘जैन शैली’ म्हणत असे. ती रचना दिसली की मंदिर जैन, असा त्याचा हिशेब. पण अन्व्याच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर विष्णूची आयुधे हातात घेतलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. त्यामुळे हे मंदिर मुळात वैष्णव असावे, असे पुढच्या अभ्यासकांनी मानले. आज गाभाऱ्यात शिवपिंडी आहे. चित्र होते मुखमंडपाचे आणि निवाडा करणारा पुरावा होता बाहेरच्या भिंतीवर.

दुसरी गोष्ट मात्र टिकली. चित्राखालची ओळ चुकली तरी चित्रातले खांब चुकले नाहीत. त्यांचे टप्पे, त्यांच्यामधले अंतर, तुळया कुठे टेकतात हे सगळे आजही त्यात वाचता येते. वस्तूची रचना छायाचित्रात टिपायची म्हणजे नेमके काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे. ही गोष्ट माणसाला एकदम साधलेली नाही. तिच्या इतिहासातले काही महत्त्वाचे धागे आपल्या मराठवाड्यातून जातात.

आधी इमारती, मग माणसे

आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह एका खिडकीचे आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे हे चित्र घेतले. चित्र जेमतेम टपालाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे. टॅलबटने त्याच्याजवळ एक टीप लिहून ठेवली. चित्र ताजे असताना खिडकीतल्या काचेचे सुमारे २०० चौकोन भिंगातून मोजता येत होते, असे ती टीप सांगते. छायाचित्र सुंदर आले की नाही याबद्दल त्यात काही नाही. मोजता येते, हे त्याला नोंदवण्यासारखे वाटले.

सुरुवातीच्या छायाचित्रकारांनी इमारती, खडक, झाडे यांच्याकडे मोर्चा वळवला, त्याला आवडीपेक्षा रसायनशास्त्र अधिक कारणीभूत होते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत काढली. ईथर आणि अल्कोहोलात विरघळवलेले कलोडियन काचेवर ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधारात नेऊन रसायनांनी चित्र उमटवायचे. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. काच वाळली की काम बिघडले. उजेड पाडायचा वेळही काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत. तेवढ्यात माणूस हलला तर त्याच्या जागी धुके उमटे. देऊळ मात्र हलत नाही.

आता ही पद्धत मराठवाड्यात वापरायची कल्पना करा. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि आपला उन्हाळा सहज ४० च्या वर जातो. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू, हे सगळे बैलगाडीत घालून न्यायचे. एका चित्रामागे एवढा खटाटोप असल्यामुळे कॅमेरा कुठे उभा करायचा, याचा विचार छायाचित्रकार आधी पुष्कळ करत असे.

गिलचा दोन डोळ्यांचा कॅमेरा

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांवर महत्त्वाचा लेख लिहिणारे भाऊ दाजी ते हेच. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकारांऐवजी छायाचित्रण वापरावे, असा आग्रह धरला. मुंबई इलाख्यातल्या लेण्यांसाठी कॅप्टन बिग्जची नेमणूक झाली. चित्रकार महिनोन् महिने घेतो, कॅमेरा तेच काम दिवसात करतो आणि तपशील गाळत नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

अजिंठ्याला मात्र आधीपासून एक चित्रकार काम करत होता. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमले होते. वर्षानुवर्षे तिथेच राहून त्याने तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या नकला जळून गेल्या.

पण मधल्या काळात गिल कॅमेरा वापरायला शिकला होता. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. दोन्हींतले वर्णन फर्ग्युसनचे. पहिल्यात भारतातल्या कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तुकलेची आणि निसर्गाची १०० जोडचित्रे. वास्तू आणि निसर्ग एकाच पुस्तकात, एकाच कॅमेऱ्यातून! ही पुस्तके छापताना छायाचित्रे कागदावर वेगळी काढून एकेका प्रतीत हाताने चिकटवावी लागत. म्हणजे प्रत्येक चित्राच्या अनेक प्रती जगात पसरल्या. कॅनव्हास एकच होता, तो जळला. छायाचित्रे उरली. छायाचित्राची पहिली ताकद तपशिलात आहे असे आपण म्हणतो, पण इतिहासाच्या दृष्टीने ती प्रतींच्या संख्येतही आहे.

दुसऱ्या पुस्तकातली चित्रे ‘जोडचित्रे’ होती, याचा अर्थ काय? एक डोळा मिटून हाताचा अंगठा समोर धरा. मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवरून बाजूला सरकल्यासारखा दिसेल. अंगठा जवळ आणला तर जास्त सरकेल, लांब नेला तर कमी. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. मेंदू या सरकण्यावरून खोली ओळखतो. गिलच्या कॅमेऱ्याने तसेच दोन बाजूंनी दोन फोटो घेतले. ते दोन भिंगांच्या चौकटीतून पाहिले की पुढचा खांब पुढे येतो आणि मागचा मागे जातो. खांबांच्या दाट रांगा असलेल्या मंडपात याचा फार उपयोग होतो. साध्या चित्रात एकमेकांना चिकटलेले खांब इथे सुटे होतात.

इथे एक शंका येईल. कॅमेरा एवढा कामाचा होता तर अजिंठ्याची चित्रे हाताने उतरवण्याचे काम नंतरही का चालू राहिले? १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच काम पुन्हा केले. कारण रसायनाचेच होते. ओल्या काचेला निळा आणि जांभळा उजेड दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. गेरूने रंगवलेले अंग फोटोत काळे पडे. दगडाच्या खांबाला ही अडचण नव्हती. त्याची रचना रंगात नसून उजेड-सावलीत असते. म्हणून त्या काळच्या कॅमेऱ्याने चित्रापेक्षा वास्तू अधिक खरी टिपली. रंगांचा प्रश्न सुटत गेला तेव्हा, १९३० पासून, हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांनी छायाचित्रणाच्या आधारे अजिंठ्याचे खंड प्रसिद्ध केले.

अन्वा आणि जालना तेव्हा याच निजामी राज्यात होते. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. निजामाच्या दरबारचे प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे शिक्षणाने अभियंते होते. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून त्यांनी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली होती. वेरूळच्या कैलासाचे फोटो त्यांनी घेतले तेव्हा वास्तू कशी उभी राहते हे त्यांना आधीच ठाऊक होते. रचनेचा फोटो घेणाऱ्याला रचना आधी समजावी लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

फोटोवरून माप

१८५८ मध्ये जर्मनीत वेट्सलारच्या मोठ्या चर्चचे मोजमाप चालले होते. आल्ब्रेख्ट मेडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद उंचावर माप घेताना पडता पडता वाचला. उंच भिंतीवर चढण्याऐवजी तिचे फोटो घेऊन फोटोवर मापे घेता येणार नाहीत का, असे त्याच्या मनात आले. पुढे १८८५ मध्ये त्याच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये या कामाची सरकारी संस्था उभी राहिली आणि हजारो इमारतींचे मोजता येतील असे फोटो जमा झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या कित्येक इमारती पडल्या. त्यांची डागडुजी करताना हे फोटो कामी आले.

फोटोवरून माप कसे घेतात? तत्त्व अंगठ्याचेच आहे. कॅमेरा ठरावीक अंतराने बाजूला सरकवून दोन फोटो घेतले, तर ४ मीटरवरच्या खांबापेक्षा २ मीटरवरचा खांब दुप्पट सरकतो. कॅमेरा किती सरकवला आणि खांब चित्रात किती सरकला हे माहीत असले की खांबाचे अंतर काढता येते. आज मोबाइलवर घेतलेल्या पन्नास-साठ फोटोंतून संगणक एखाद्या मूर्तीची तिन्ही मिती असलेली प्रतिकृती बनवतो, तेव्हा तो हेच गणित हजारो बिंदूंसाठी करतो.

पण एकटा फोटो आकार सांगत नाही. ताटाएवढा दगड आणि खोलीएवढा दगड फोटोत सारखेच दिसू शकतात. म्हणून जुन्या छायाचित्रांत खांबाशेजारी एखादा माणूस उभा केलेला असतो. बहुधा तो जवळच्या गावातला, नाहीतर सामान वाहून आणणारा. चित्राखाली मंदिराचे नाव असते, छायाचित्रकाराचे असते, या माणसाचे नसते. त्याच्यावर मोजपट्टीचे काम सोपवलेले होते. आज मोजपट्टी ठेवणे सोपे आहे. आणि माणूस उभा केलाच, तर त्याला विचारून त्याचे नाव लिहिणेही सोपे आहे.

त्याच वर्षी शेफील्डमध्ये

गिलची पुस्तके निघाली त्याच वर्षी, म्हणजे १८६४ मध्ये, इंग्लंडातल्या बाथ शहरी शास्त्रज्ञांच्या एका सभेत वेगळ्याच वस्तूची छायाचित्रे मांडली गेली. ती होती लोखंडाची आणि पोलादाची, सूक्ष्मदर्शकातून घेतलेली. घेणारा शेफील्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी.

सॉर्बी मूळचा भूशास्त्रज्ञ. दगडाचा पातळ काप घासून घासून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जाईल आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ही पद्धत त्याने रूढ केली. डोंगरांचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करतो म्हणून लोक त्याला हसले. पण याच पद्धतीने आपल्या काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची, रचना कळते. त्याच्या कापात फेल्डस्पारच्या बारीक काड्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात आणि मधल्या फटींत पायरॉक्सीनचे कण. कण बारीक, कारण लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थंड झाला आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही घाई दगडाच्या कापात अजून दिसते.

लोखंडातून उजेड आरपार जात नाही. म्हणून सॉर्बीने तुकड्याचा पृष्ठभाग आरशासारखा घासला आणि त्यावर अगदी सौम्य नायट्रिक आम्ल लावले. आम्ल सगळीकडे सारखे खात नाही. कणांच्या सीमांवर ते जास्त खाते, काही कणांना जास्त आणि काहींना कमी. मग वरून उजेड पाडला की एकसंध वाटणारे लोखंड वेगवेगळ्या कणांनी बनलेले दिसते. अन्व्याच्या मंडपात तिरक्या उन्हाने कोरीव काम उठून दिसते, तसेच हे. उजेड कुठून पाडायचा आणि पृष्ठभाग कसा तयार करायचा, यावर सगळे अवलंबून.

वीसेक वर्षे सॉर्बीच्या या कामाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. आगगाडीचा अपघात झाल्यावर ‘तो रूळ सूक्ष्मदर्शकाखाली बघा’ असे मी सुचवले असते तर मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले असते, अशा अर्थाचे त्याने पुढे म्हटले आहे. १८८० नंतर रूळ, पूल, बोटी सगळ्यांत पोलाद आले आणि ते कधी कधी अवचित मोडू लागले तेव्हा लोकांना त्याची आठवण झाली. १८८५ च्या सुमारास अधिक शक्तिशाली भिंग वापरून सॉर्बीने पोलादातली एक सुंदर रचना उलगडली. मऊ लोखंड आणि कठीण कार्बाइड यांचे एकाआड एक पातळ थर, एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. त्याला शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया झाक असल्यामुळे त्याचे नाव पडले पर्लाइट.

आता पुन्हा जालन्याला येऊ. जालना शहर आज मोसंबी आणि बियाण्यांइतकेच सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. भंगार वितळवून, त्याचे लांबट ओतीव तुकडे करून, ते तापवून रुळांतून लाटून बांधकामाच्या सळया तयार होतात. टीएमटी सळई लालबुंद असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून काढतात. बाहेरचा थर एकदम थंड होऊन कठीण पण ठिसूळ होतो. आतला गाभा अजून तापलेलाच असतो. ती उष्णता बाहेर येताना बाहेरच्या थराचा ठिसूळपणा घालवते. गाभा सावकाश थंड होतो, त्यामुळे तो मऊ आणि चिवट राहतो आणि त्यात सॉर्बीचा पर्लाइट असतो.

अशी सळई आडवी कापून, घासून, प्रयोगशाळेत सौम्य आम्लात बुडवली की सूक्ष्मदर्शकाशिवायही आत एक गडद कडे आणि मध्ये फिका गाभा दिसतो. कडे पूर्ण आणि सारख्या रुंदीचे असेल तर पाणी सगळीकडून सारखे पडले. एका बाजूला तुटले असेल तर फवाऱ्यात काही बिघडले होते. (आम्लाचे हे काम वर्गात करू नये. त्याचा फोटो मिळवून दाखवावा.) हा फोटो शोभेचा नाही. त्या सळयांवर कोणाचे तरी घर उभे राहणार असते.

अन्व्याच्या मंडपात दगडांची रचना वजन पेलते, सळईत कणांची. दोन्हीकडे डोळ्यांना एकसंध वाटणारी वस्तू सुटी करून दाखवण्याचे काम १८६४ च्या आसपास छायाचित्राने सुरू केले.

भोकरदनचे थर

अन्व्याच्याच तालुक्यात १९७३ मध्ये आणखी एका रचनेचे फोटो निघाले. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन, सातवाहन काळातले व्यापारी गाव. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला.

उत्खननात फोटोला वेगळेच महत्त्व असते. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसतात. राखेचा काळा थर, घराच्या जमिनीचा पिवळसर, पुराच्या गाळाचा करडा. कुठली वस्तू कुठल्या थरात सापडली यावरून तिचा काळ ठरतो. पण खालचा थर पाहायचा तर वरचा काढून टाकावा लागतो. एकदा काढलेला थर परत ठेवता येत नाही. म्हणून फोटो घेण्याआधी भिंत कर्णीने नीट तासतात, मोजपट्टी उभी करतात, उत्तर दिशेचा बाण ठेवतात आणि ऊन-सावलीची तिरीप भिंतीवर पडणार नाही अशी वेळ निवडतात.

भोकरदनला हस्तिदंताच्या एका छोट्या स्त्रीमूर्तीचा खालचा भाग सापडला. तो पाहताच अभ्यासकांना इटलीतल्या पाँपेईची मूर्ती आठवली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेत १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली होती. एक वस्तू नेपल्सच्या संग्रहालयात, दुसरी मराठवाड्यात. त्या एकमेकींशेजारी ठेवणे अवघड, त्यांचे फोटो शेजारी ठेवणे सोपे. दागिन्यांची ठेवण, बाजूच्या छोट्या दासी, कोरण्याची तऱ्हा ताडून पाहता येते. दख्खनचा रोमशी असलेला व्यापार समजायला अशी तुलना फार उपयोगी पडते.

आपल्या शाळेभोवती

प्रत्येक गावात टिपण्यासारखी रचना असते. बारवेच्या पायऱ्या, वाड्याचा दरवाजा, गढीचा बुरूज, कडीपाटाचे छत. यातल्या अनेक वस्तू जुन्या होत आहेत. दुरुस्तीत सिमेंटचा थर बसला किंवा जागा मोकळी केली की आतली रचना पुन्हा दिसणार नाही. अन्व्याच्या मंदिराचे चित्र जुन्या ग्रंथात सापडते. आपल्या गावच्या बारवेचे कुठे सापडेल?

आता त्यासाठी बैलगाडीभर काचा लागत नाहीत. शिक्षकांच्या खिशातला मोबाइल पुरतो. पण गिल आणि सॉर्बी यांच्यापासून चालत आलेले काही नियम लागतात.

कॅमेरा भिंतीला समांतर धरा. तो वर कलवला तर खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकलेले दिसतात आणि खरेच झुकलेला खांब ओळखता येत नाही. सबंध भिंत मावत नसेल तर मागे सरका किंवा समोरच्या घराच्या माडीवरून फोटो घ्या. कोरीव कामासाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरके ऊन निवडा. भर दुपारी सगळे सपाट दिसते. आत अंधार असेल तर पांढऱ्या कापडावरून ऊन आत परतवा. फोटोत मोजपट्टी ठेवा. नसेल तर काठीला दर १० सेंटिमीटरवर काळी-पांढरी पट्टी रंगवा. आधी सबंध वस्तू, मग तिचा भाग, मग बारकावा, असे तीन फोटो घ्या. सबंध वस्तू चारही बाजूंनी घ्यायला विसरू नका. अन्व्याच्या बाबतीत महत्त्वाचा पुरावा मुखमंडपात नव्हता, हे लक्षात ठेवा.

निसर्गातली रचना टिपायला चैत्र-वैशाखातले काळ्या मातीचे शेत उत्तम. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. ती आकसताना भेगा पडतात. भेगांच्या जाळ्याचा फोटो बरोबर वरून घ्या, शेजारी पट्टी ठेवा. फोटो कागदावर छापून घ्या आणि जिथे भेगा मिळतात तिथले कोन कोनमापकाने मोजा. पहिल्यांदाच वाळणाऱ्या चिखलात दुसरी भेग पहिलीला बहुधा काटकोनात मिळते, इंग्रजी टी अक्षरासारखी. तीच माती पुन:पुन्हा भिजून वाळली की भेगा तीन दिशांनी फुटू लागतात आणि कोन १२० अंशांकडे झुकतात. शेताच्या भेगांत आणि डबक्याच्या तळाशी फरक मिळतो का, हे मुलांनी मोजूनच ठरवावे. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर बेसॉल्टचे उभे खांब आहेत. थंड होऊन आकसणाऱ्या लाव्ह्यातही भेगांनी असेच बहुकोनी तुकडे पाडले. माती आणि खडक वेगळे, पण आकसण्याचे भूमितीशास्त्र एकच.

रोजच्या वस्तूंत आडवा काप हा सर्वांत सोपा प्रयोग. मोसंबी आडवी कापली तर फोडींचे चक्र दिसते, उभी कापली तर दिसत नाही. कोणत्या दिशेने कापले हे लिहिले नाही तर फोटो अर्धाच. कणीस, दोडका, वाळलेला बांबू, कापसाचे बोंड यांचेही काप घ्या. मोबाइलच्या भिंगावर साधे भिंग धरले तर आणखी आत जाता येते.

शेवटचे काम कॅमेऱ्याचे नाही, वहीचे आहे. प्रत्येक फोटोसाठी जागा, तारीख, वेळ, दिशा आणि घेणाऱ्याचे नाव लिहा. मग पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने करा. डावीकडे ‘दिसते ते’ आणि उजवीकडे ‘वाटते ते’. ‘बारा पायऱ्या, सहावी तुटलेली’ हे डावीकडे. ‘यादवकाळातली असावी’ हे उजवीकडे. उजवा रकाना पुढे कोणीतरी खोडेल, खोडू द्यावा. डावा रकाना आणि फोटो नीट असतील तर खोडणाऱ्याला त्यांच्याच आधाराने खोडता येईल. आणि फोटोच्या तीन तरी प्रती ठेवा. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेर. सिडनहॅमच्या आगीत गिलची वर्षानुवर्षांची मेहनत गेली, कारण तिची प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती.